कळतं, पण वळत नाही: मुलाला एडीएचडी आहे असं समजल्यानंतरचे पहिले काही महिने

"बूट घाल, निघायचंय," असं सांगून दहा मिनिटं झालेली असतात. तुम्ही येऊन बघता, तर चिरंजीव जमिनीवर पालथे पडलेत. एक मोजा पायात, दुसरा हातात, आणि हातातला मोजा म्हणजे साप. बूट कुठे आहेत ते त्याला ठाऊक आहे. उशीर झाला की काय होतं तेही ठाऊक आहे. विचारलंत तर सकाळी तयार व्हायच्या सगळ्या पायऱ्या तो क्रमाने घडाघडा सांगेल. कळतं सगळं, वळत नाही.

आपल्याकडे हे वाक्य वैतागून म्हटलं जातं. एडीएचडी म्हणजे लक्ष टिकवणं आणि स्वतःला आवरणं मुळातच अवघड जाणं. त्यावर अनेक दशकं काम केलेले अमेरिकी मानसशास्त्रज्ञ रसेल बार्कली जवळपास हेच सांगतात, फक्त वैतागल्याशिवाय. त्यांच्या मते काय करायचं ते या मुलांना माहीत असतं; अडतं ते माहीत असलेलं त्या क्षणी हातून होण्याशी. हे एकदा पटलं की बऱ्याच गोष्टी उलगडतात. समजावणं, तासभर बौद्धिक घेणं, "आता परत नाही ना करणार?" असं वचन घेणं, हे सगळं कळण्यासाठी असतं, आणि कळण्यात मुळात बिघाडच नसतो. मदत पोचवायची ती काम जिथे आणि ज्या घडीला व्हायला हवं तिथे. म्हणजे दारापाशी, बुटांच्या शेजारी.

मी डॉक्टर नाही. माझ्या मुलाचं निदान झालं तेव्हा तो आठ वर्षांचा होता, आता चौदाचा आहे. मधल्या काळात बरंच वाचलं, बरंच चुकलं. ज्यांच्या हातात निदानाचा कागद नुकताच पडलाय त्यांच्यासाठी हे लिहितेय, आणि त्याच क्रमाने, ज्या क्रमाने ते मला कोणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं.

पहिली पायरी: निदान कशावरून केलं, ते विचारा

एडीएचडी ओळखायला रक्ताची तपासणी नाही, स्कॅनही नाही. आईवडिलांशी सविस्तर बोलणं, शिक्षकांनी भरलेल्या प्रश्नावल्या आणि मुलाचं निरीक्षण यांवरून निदान होतं. २०१३ पासून वापरात असलेल्या डीएसएम-५ या अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञांच्या पुस्तिकेतल्या निकषांनुसार दोन गट आहेत: लक्ष न टिकण्याची नऊ लक्षणं, आणि चंचलपणा-उतावळेपणाची नऊ. मुलांमध्ये कोणत्यातरी एका गटातली किमान सहा लक्षणं दिसायला हवीत, ती सहा महिने तरी टिकलेली असावीत, त्यांतली काही बाराव्या वर्षाआधीपासून असावीत, ती एकाहून जास्त ठिकाणी दिसावीत, आणि त्यांच्यामुळे मुलाचं खरोखर अडत असावं.

यातला 'एकाहून जास्त ठिकाणी' हा भाग घाईत राहून जातो. फक्त घरी किंवा फक्त शाळेत त्रास असेल तर आधी त्या ठिकाणी काय चाललंय ते बघायला हवं. आमची पहिली भेट बारा मिनिटांत आटोपली होती. शाळेला कोणी काही विचारलंच नाही. आम्ही दुसरीकडे गेलो. निदान तेच निघालं, पण या वेळी वाचनातली वेगळी अडचणही सापडली, जी पहिल्या ठिकाणी कोणाच्या गावीही नव्हती. हे अपवादाने होत नाही. एडीएचडीसोबत अध्ययन अक्षमता, चिंता, सतत उलट वागणं, झोपेच्या तक्रारी यांपैकी काहीतरी असणं अगदी नेहमीचं आहे. शिवाय कमी ऐकू येणं, नजर अधू असणं, घोरण्यामुळे झोप मोडणं किंवा घरात नुकताच बसलेला मोठा धक्का यांमुळेही मूल तसंच दिसू शकतं. म्हणून कान, डोळे आणि झोप यांची चौकशी झाली का, हे बिनधास्त विचारा.

अजून एक गोष्ट विचारा: मूल वर्गात वयाने सगळ्यांत लहान आहे का? २०१८ साली अमेरिकेत चार लाखांहून जास्त मुलांच्या नोंदी तपासल्या गेल्या. जिथे शाळाप्रवेशासाठी वयाची अट १ सप्टेंबरला धरतात, तिथे ऑगस्टमध्ये जन्मलेली मुलं वर्गात सगळ्यांत धाकटी, तर सप्टेंबरातली जवळपास वर्षाने मोठी असतात. एडीएचडीचं निदान ऑगस्टच्या मुलांत दर १०,००० मागे ८५ इतकं होतं, सप्टेंबरच्या मुलांत ६४. जन्मतारखेने मेंदू बदलत नाही. सहा वर्षांच्या मुलाला सात वर्षांच्या मुलाच्या मापाने मोजलं की तो चंचलच वाटणार.

मुलींच्या बाबतीत चूक उलट्या दिशेने होते. खिडकीबाहेर बघत गप्प बसलेल्या मुलीचा कोणालाच त्रास नसतो, त्यामुळे तिचं निदान उशिरा होतं, कधी होतच नाही. "हुशार आहे, पण तंद्रीत असते" हा शेरा वर्षानुवर्षं प्रगतिपुस्तकात येत असेल तर तो नीट वाचावा.

दुसरी पायरी: 'आमचं काय चुकलं?' हा प्रश्न मिटवून टाका

हा प्रश्न मनात राहिला की पुढचं काहीच धड होत नाही. एकतर तुम्ही भरपाई म्हणून सगळं चालवून घेता किंवा जगाला दाखवायला जास्त कडक होता. नातेवाईक 'लाडावलाय' म्हणतातच.

जुळ्या मुलांच्या ३७ अभ्यासांचा एकत्र हिशेब केला तेव्हा एडीएचडीची आनुवंशिकता ७४ टक्क्यांच्या आसपास निघाली. याचा अर्थ तुमच्या दुसऱ्या मुलाला तो होण्याची शक्यता ७४ टक्के, असा नाही. मुलामुलांत या बाबतीत जो फरक दिसतो त्याचा बराच मोठा भाग जनुकांमुळे असतो, एवढाच. एकच एक 'एडीएचडीचं जनुक' नाही. २०२३ च्या एका मोठ्या अभ्यासात जनुकसंचातल्या २७ जागा त्याच्याशी जोडलेल्या सापडल्या, आणि प्रत्येकीचा वाटा चिमूटभर.

मेंदूच्या वाढीबद्दलचा २००७ चा एक अभ्यास मला फार उपयोगी पडला. अमेरिकेत फिलिप शॉ आणि सहकाऱ्यांनी एडीएचडी असलेल्या आणि नसलेल्या प्रत्येकी २२३ मुलांच्या मेंदूच्या बाह्यस्तराची जाडी वाढत्या वयात पुन्हा पुन्हा मोजली. ही जाडी कमाल पातळीला पोचण्याचं मधलं वय एडीएचडी नसलेल्यांत साडेसात होतं, असलेल्यांत साडेदहा. वाढीचा क्रम तोच होता, वेळापत्रक मागे होतं, आणि सगळ्यांत मागे होता तो पुढचा भाग, जिथून आवर घालणं, थांबणं, बेत आखणं चालतं. बार्कलींचा एक ढोबळ ठोकताळा आहे: स्वतःवर ताबा ठेवण्याच्या बाबतीत मुलाचं वय साधारण तीसेक टक्क्यांनी कमी धरा. मोजमाप म्हणून तो घेऊ नका. पण माझ्या दहा वर्षांच्या मुलाकडून, स्वतःचं दप्तर भरण्यापुरती, मी सात वर्षांच्या मुलाएवढी अपेक्षा ठेवायला लागले आणि घरातली निम्मी भांडणं संपली. गणितात तो दहाचाच होता, हेही विसरायचं नाही.

आणि साखर. "गोड खाल्लं की अंगात येतं" यावर आईवडिलांचा एवढा विश्वास, की १९९४ मध्ये दोन मानसशास्त्रज्ञांनी तोच तपासला. 'आमच्या मुलाला साखर चढते' असं म्हणणाऱ्या आया आणि त्यांची पाच ते सात वर्षांची मुलं बोलावली. मिळालं सगळ्यांना साखर नसलेलंच पेय. काही आयांना मात्र सांगितलं की मुलाला भरपूर साखर दिलीय. त्यांना आपला मुलगा जास्त चंचल वाटला, आणि त्या स्वतःही बदलल्या: मुलाच्या जास्त जवळ राहिल्या, जास्त टोकलं. मला या प्रयोगातल्या आया ओळखीच्या वाटतात. गोड कमी करायचं तर ते दातांसाठी करा.

तिसरी पायरी: आठ दिवस काही बदलू नका, नुसतं लिहा

उत्साहाच्या भरात लोक ही पायरी गाळतात. गाळू नका. एक साधी वही घ्या आणि रोज सगळ्यांत जास्त वाजतं तो एकच प्रसंग निवडा: सकाळची तयारी, गृहपाठ किंवा झोपणं. दर वेळी तीन ओळी. आधी काय झालं, मुलाने काय केलं, त्यानंतर काय झालं.

माझ्या वहीतलं एक पान असं होतं:

मंगळवार, संध्याकाळ, सव्वासहा. आधी: मी स्वयंपाकघरातूनच सांगितलं, "खेळणी आवर, हात धू आणि गृहपाठ काढ." त्याने काय केलं: जागचा हलला नाही. नंतर: तिसऱ्यांदा सांगताना ओरडले. तो रडला. खेळणी मीच आवरली.

हे लिहिताना माझ्या लक्षात आलं नव्हतं. रविवारी सगळी पानं एकत्र वाचताना आलं. एका दमात तीन सूचना, त्याही दुसऱ्या खोलीतून, तो खेळात बुडालेला असताना. पहिल्या दोन वेळा सांगून काहीच घडत नाही, हे त्याला अनुभवाने माहीत. आणि शेवटी खेळणी आई आवरते, हेही. त्या आठ दिवसांत मी एकवीस वेळा ओरडले होते. मला वाटलं होतं, चारपाचदा असेल.

वहीचा दुसरा फायदा असा की डॉक्टरांसमोर "फार त्रास देतो हो" याऐवजी तुमच्याकडे सांगायला काहीतरी ठोस असतं.

चौथी पायरी: घरातली रीत बदला, एका वेळी एकच

संशोधनात 'पालक-प्रशिक्षण' म्हणतात ते हे. नावावरून पालकांनाच दोषी धरल्यासारखं वाटतं. मलाही वाटलं होतं आणि मी पहिल्या सत्राला तोंड पाडूनच गेले. खरं कारण सरळ आहे: आठवड्यातून एक तास भेटणारी व्यक्ती मुलाच्या बुटांपाशी उभी नसते, तुम्ही असता. सहा वर्षांखालच्या मुलांसाठी अमेरिकन बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेची २०१९ ची शिफारस औषधाआधी हेच करा, अशी आहे. ब्रिटनमधल्या नाइस या संस्थेची २०१८ ची मार्गदर्शक तत्त्वं पाच वर्षांखालच्यांसाठी तेच म्हणतात.

याने काय होतं आणि काय होत नाही, हे आधीच माहीत असलेलं बरं. २०१३ आणि २०१४ मध्ये अशा प्रशिक्षणाच्या चाचण्यांचे दोन मोठे आढावे निघाले. त्यांनी एक चलाखी केली: स्वतः प्रशिक्षण घेतलेल्या पालकांचं मत बाजूला ठेवून, कोणाला काय मिळालंय हे बहुधा ठाऊक नसलेल्या निरीक्षकांच्या नोंदी वेगळ्या काढल्या. तेव्हा लक्ष न लागणं, चुळबुळ ही मूळ लक्षणं फारशी बदललेली दिसली नाहीत. पण पालकांची वागण्याची पद्धत सुधारली होती आणि मुलांचा हट्ट, उलट वागणं, भांडणं कमी झाली होती. म्हणजे मूल शांत बसेल म्हणून हे करू नका. घर राहण्याजोगं होईल म्हणून करा.

सुरुवात शिस्तीने करायची नाही, खेळाने करायची. रोज दहा मिनिटं मूल म्हणेल ते खेळायचं. शिकवायचं नाही, प्रश्न विचारायचे नाहीत, "असं नाही, असं लाव" म्हणायचं नाही. त्याने पूल बांधला तर "तू लांब पूल बांधतोयस" एवढंच. सोपं वाटतं. मला पहिल्या दिवशी चौथ्या मिनिटाला "आणि हा रंग कोणता?" विचारायचा मोह आवरला नाही, आठ वर्षांच्या मुलाला! पण दिवसभर ज्याच्या कानावर फक्त 'नको, थांब, परत तेच' पडतं, त्याच्यासाठी ही दहा मिनिटं म्हणजे खात्यात जमा झालेली रक्कम असते. वाईट वागला म्हणून ती कापायची नाहीत.

मग सूचना. जवळ जा. नाव घ्या, नजर मिळेपर्यंत थांबा. एकच गोष्ट सांगा. "बूट घालशील का?" असं विचारू नका, कारण त्याला 'नाही' हे रास्त उत्तर आहे, "बूट घाल" म्हणा. मग पाच सेकंद गप्प. ही पाच सेकंदं फार लांब असतात, पण तोंड उघडलंत तर सूचना पुन्हा पहिल्यापासून सुरू होते.

केल्यावर लगेच कौतुक, आणि नेमकं. "शहाणा माझा" यातून त्याला काय जमलं ते कळत नाही. "एकदा सांगितल्यावर बूट घातलेस" यातून कळतं. 'लगेच' हा शब्द महत्त्वाचा आहे. एडीएचडी असलेल्या मुलांना वाट बघणं इतरांपेक्षा जड जातं, आणि लांबचं मोठं बक्षीस त्यांच्यासाठी फार लवकर फिकं पडतं, हे प्रयोगांत पुन्हा पुन्हा दिसलंय. वार्षिक परीक्षेनंतरच्या सायकलीचं आमिष जूनमध्ये दाखवण्यात अर्थ नाही. आज रात्री एक गोष्ट जास्त वाचणं चालतं.

ताऱ्यांचा तक्ता प्रत्येक जण करतो आणि बहुतेकांचा पडतो. माझा पहिला तक्ता चौदा ओळींचा होता, रंगीत, दृष्ट लागण्यासारखा. दात घासण्यापासून 'बहिणीशी नीट बोलणे'पर्यंत सगळं. चौथ्या दिवशी तो पंख्याच्या वाऱ्याने खाली पडला आणि कोणी उचलला नाही. दुसऱ्या तक्त्यात दोन ओळी होत्या: 'सात वाजून वीस मिनिटांनी बूट पायात' आणि 'डबा दप्तरात'. तो कपाटावर न लावता दाराच्या आतल्या बाजूला लावला, बुटांच्या वर, पेन्सिल दोरीने बांधून. पहिल्या आठवड्यात मुद्दाम सोपं ठेवलं, म्हणजे मिळवण्याची चटक लागेल. दोनतीन आठवड्यांनी बक्षीस शिळं होतं. तेव्हा पद्धत फसली असं समजू नका, बक्षीस बदला. मिळालेला तारा रागाच्या भरात परत मात्र घ्यायचा नाही.

शिक्षा सगळ्यांत शेवटी येते, आणि ती लहान, आधी सांगितलेली आणि दर वेळी तीच असावी. बारीकसारीक कटकटीकडे काणाडोळा करा. मारामारी, तोडफोड यावर ठरलेला परिणाम करा, बोलणं कमी ठेवून. एक धोक्याची सूचना: तुम्ही एखाद्या गोष्टीकडे लक्ष देणं थांबवलंत की ती आधी वाढते. तीनचार दिवस. नेमक्या त्याच वेळी बहुतेक जण माघार घेतात, आणि मूल शिकतं की अजून मोठ्याने ओरडलं की काम होतं.

जाता जाता: हे इतकं आनुवंशिक आहे म्हटल्यावर मुलाची प्रश्नावली भरताना आई किंवा बाबा "हे तर माझंच वर्णन आहे" म्हणून थबकतात, ते उगाच नाही. २००२ च्या एका ब्रिटिश अभ्यासात ज्या आयांना स्वतःला एडीएचडीची बरीच लक्षणं होती, त्यांच्या मुलांना या प्रशिक्षणाचा फायदा झाला नाही. त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. रोज न चुकता तक्ता भरणं हे ज्याला अवघड, त्यालाच ते काम दिलं होतं. तसं असेल तर स्वतःची तपासणीही करून घ्या, आणि तक्त्याचं काम घरातल्या दुसऱ्या कोणावर सोपवा.

पाचवी पायरी: शाळेशी एका कागदावर बोला

शाळेत जाताना तक्रारही नको, माफीनामाही नको. वर्गशिक्षिकेला तीसचाळीस मुलं सांभाळायची असतात. तिला दहा पानांचा अहवाल वाचायला देऊ नका. सगळ्यांत जास्त अभ्यासलेली आणि साधी गोष्ट म्हणजे रोजचं पत्रक. त्यात दोन किंवा तीन गोष्टी, मोजता येतील अशा: 'वर्गपाठ निम्म्याहून जास्त पूर्ण', 'हात वर करून बोलला, तीनपेक्षा जास्त आठवणी करून द्याव्या लागल्या नाहीत'. प्रत्येक तासाला हो किंवा नाही. बाईंची तीस सेकंदं जातात. पत्रक घरी येतं आणि ठरलेली छोटीशी मजा घरी मिळते. 'चांगलं वागला' अशी ओळ लिहू नका; मोजायची कशी?

बसायची जागा पुढे आणि खिडकीपासून लांब, लांबलचक काम तुकड्यांत, सूचना फळ्यावरही लिहिलेली, या बाकीच्या सवलती बहुतेक शिक्षकांना माहीत असतात. हलण्याबद्दल मात्र वाद होतो. २०१५ मध्ये फ्लोरिडातल्या संशोधकांनी आठ ते बारा वर्षांच्या मुलग्यांना आकडे-अक्षरं मनात धरून क्रम लावायला दिला आणि ते किती हलतात ते टिपलं. एडीएचडी असलेली मुलं जास्त हलली तेव्हा त्यांनी काम जास्त बरोबर केलं. नसलेल्यांचं उलट झालं. वर्गभर पळू द्या असा याचा अर्थ नाही. पण उभं राहून लिहू देणं, वह्या वाटायला पाठवणं, पाय हलत असला तर हलू देणं, एवढं मागायला हरकत नाही. शांत बसायला लावलेलं मूल सगळं लक्ष शांत बसण्यातच खर्च करतं.

आणि मधली सुट्टी शिक्षा म्हणून कापू नये, ही विनंती पहिल्याच भेटीत करून ठेवा.

सहावी पायरी: औषधाचा निर्णय घाबरून घेऊ नका, घाबरून टाळूही नका

ही औषधं कालची नाहीत. १९३७ मध्ये अमेरिकेतल्या ऱ्होड आयलंडमध्ये चार्ल्स ब्रॅडली या डॉक्टरांनी ३० मुलांना बेन्झेड्रिन हे उत्तेजक दिलं. एका तपासणीनंतर मुलांना होणारी डोकेदुखी कमी व्हावी, या हेतूने त्याचा वापर सुरू झाला होता. डोकेदुखीचं फारसं काही झालं नाही, पण जवळपास निम्म्या मुलांचं शाळेतलं काम एकदम सुधारलं; मुलंच त्याला गणिताच्या गोळ्या म्हणू लागली. आज सगळ्यांत जास्त वापरलं जाणारं मिथिलफेनिडेट १९४४ मध्ये लिआंद्रो पानित्सॉन यांनी तयार केलं. त्यांच्या पत्नीच्या रीटा या नावावरून रिटालिन हे नाव पडलं.

पुराव्याचा कणा म्हणजे १९९९ चा एमटीए नावाचा मोठा अभ्यास: सात ते नऊ वर्षांची ५७९ मुलं, १४ महिने, चार गट. एका गटाला काळजीपूर्वक जुळवलेलं औषध, एकाला वर्तनोपचार, एकाला दोन्ही, आणि चौथ्याने आपापल्या भागात मिळतील ते उपचार घ्यायचे. मूळ लक्षणांवर औषधाचे दोन्ही गट पुढे राहिले. दोन्ही मिळालेल्या गटाला औषधाचा डोस कमी लागला. पण मला सगळ्यांत बोलका वाटतो तो चौथा गट. त्यातल्या सुमारे दोनतृतीयांश मुलांनाही औषध मिळत होतंच, तरी ती मागे पडली. फरक होता डोस जुळवण्यात आणि दर महिन्याच्या भेटींत. गोळी तीच, लक्ष वेगळं. तीन वर्षांनी गटांमधला फरक पुसला गेला. तोवर ठरलेले उपचार संपून जो तो आपापल्या वाटेने गेला होता. औषध म्हणजे चष्मा: घातलेला असतो तेव्हा दिसतं. साधी गोळी साधारण चार तास टिकते, सावकाश विरघळणाऱ्या आठ ते बारा.

शाळकरी मुलांत मिथिलफेनिडेट ही पहिली निवड असावी, असं २०१८ मध्ये उपलब्ध चाचण्यांच्या मोठ्या तुलनेतून निघालं. सहा वर्षांखालच्यांत मात्र फायदा कमी आणि त्रास जास्त दिसतो. दुष्परिणाम नेहमीचे: भूक मंदावणं, झोप उशिरा लागणं, कधी डोकं किंवा पोट दुखणं, नाडी आणि रक्तदाब थोडे वाढणं. वर्षानुवर्षं घेतल्यास उंचीत थोडा फरक पडू शकतो. म्हणून सुरू करण्याआधी वजन, उंची, नाडी, रक्तदाब मोजून घ्या; घरात कोणाला कमी वयात हृदयविकार झाला असेल तर न विचारता सांगा. डोस कमीपासून हळूहळू वाढवतात. त्या आठवड्यांत तिसऱ्या पायरीची वही पुन्हा काढा. मूल 'शांत' झालं म्हणून खूश होऊ नका. मलूल, हरवल्यासारखं झालं असेल तर डोस जास्त आहे किंवा औषध वेगळं हवं. त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा, स्वतः कमीजास्त करू नका.

मुलाला काय सांगायचं? आम्ही सांगितलं, "ही गोळी तुला हुशार करत नाही, तो तू आहेसच. ब्रेक जरा घट्ट करते." परीक्षेत चांगले गुण मिळाले तर ते त्याचे, गोळीचे नव्हेत. घरात "आज गोळी घेतली नाहीस वाटतं?" असा टोमणा कोणीही मारायचा नाही.

सातवी पायरी: झोप

थोडक्यात सांगते, कारण करायचंही थोडंच आहे. ऑस्ट्रेलियात पाच ते बारा वयाच्या, एडीएचडी आणि झोपेची तक्रार असलेल्या २४४ मुलांच्या पालकांपैकी निम्म्यांना झोपेच्या सवयींवर फक्त दोन भेटी आणि एक फोन एवढी मदत दिली. २०१५ च्या निष्कर्षांत झोप तर सुधारलीच, एडीएचडीची लक्षणंही थोडी कमी झाली, आणि हा फरक सहा महिन्यांनंतरही दिसला. रोज एकच वेळ, तोच क्रम, पडदे बंद, झोपायच्या खोलीत मोबाइल नाही. मूल जोरात घोरत असेल तर कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवा.

आठवी पायरी: जाहिरातींपुढे हात आखडता घ्या

निदान झाल्यावर तिसऱ्याच दिवशी कोणीतरी तुम्हाला मेंदूच्या लहरींना वळण लावणाऱ्या उपचाराचा पत्ता देईल. २०२१ मध्ये १४४ मुलांवर या उपचाराची, म्हणजे न्यूरोफीडबॅकची, कसून केलेली चाचणी प्रसिद्ध झाली. अर्ध्याहून कमी मुलांना खोटा उपचार दिला होता आणि कोणाला खरा ते मुलांना, पालकांना ठाऊक नव्हतं. दोन्ही गट सुधारले, आणि सारखेच सुधारले. स्मरणशक्ती वाढवणाऱ्या संगणकी खेळांत मुलं त्या खेळात तरबेज होतात, गृहपाठात नाही. ओमेगा-३ चा परिणाम झालाच तर अगदी किरकोळ. कृत्रिम रंगांनी काही मुलांचा चंचलपणा जरासा वाढतो, असं २००७ च्या एका ब्रिटिश चाचणीत दिसलं, पण ती सर्वसाधारण मुलं होती आणि फरक लहान होता. खाऊच्या रंगीत गोळ्या बंद केल्याने नुकसान नाही. आहारतज्ज्ञाशिवाय मुलाच्या ताटातून अर्धे पदार्थ काढून टाकणं मात्र नको, विशेषतः औषधाने भूक आधीच कमी झाली असेल तर.

मी विचारते तो प्रश्न एकच: "याची तुलना खोट्या उपचाराशी केली आहे का?" समोरचा लगेच एखाद्या बऱ्या झालेल्या मुलाची गोष्ट सांगू लागला, की उठायचं.

नववी पायरी: घरातले बाकीचे

एडीएचडी असलेल्या मुलांच्या पालकांमध्ये ताण, उदासी आणि आपसांतले वाद जास्त आढळतात, हे अनेक अभ्यासांत आलेलं आहे. आमच्याकडे वाद मुलावरून नसायचे, नियमांवरून असायचे. मी तक्ता लावायचा, ह्यांनी "जाऊ दे, लहान आहे" म्हणायचं. आम्ही रविवारी संध्याकाळी वीस मिनिटं ठरवली: या आठवड्यात कुठला एक नियम, आणि मोडला तर काय. त्या वीस मिनिटांत मागचं उकरायचं नाही. आजीआजोबा सोबत असतील तर त्यांनाही सांगा, पण सगळी कारणमीमांसा नको. "आठवडाभर फक्त बुटांचं बघायचंय, बाकी माझ्यावर सोडा" एवढं पुरतं.

मुलाच्या बोलण्यात "मी वाईटच आहे", "मी नसतो तर बरं झालं असतं" असं येऊ लागलं, ते खेळातून, मित्रांतून अंग काढून घेऊ लागलं, तर पुढच्या तारखेची वाट बघू नका. तेव्हाच फोन करा.

आणि भावंडं. माझी धाकटी तेव्हा सहाची होती, न सांगता आवरणारी, त्यामुळे दोनतीन महिने तिच्याकडे कोणाचं लक्षच नव्हतं. एक दिवस तिने दाराच्या आतल्या बाजूला दादाच्या तक्त्याशेजारी वहीचं फाडलेलं पान चिकटवलं. सात चौकोन आखलेले, वर वाकड्या अक्षरात एकच ओळ: 'आईने ओरडायचं नाही.' पेन्सिल दादाचीच, दोरीला बांधलेली. पहिल्या आठवड्यात मला सातपैकी तीन तारे मिळाले.